पारंपरिक स्त्रीगीते, माईकसह

'वॉण्टन' हा शब्द आमच्या गावात आणला तो रंगनाथ सरांनी. गाव पारनेर तालुक्यातलं, शाळा दहावीपर्यंत, आणि सर त्याच शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. निवृत्त माणसाची पेन्शन चालू राहते, पण इंग्रजी पडून राहतं. तसं सरांचंही पडून होतं. मग गावात विवाह आचारसंहिता समिती निघाली आणि सरांना पुन्हा फळा मिळाला.

समिती निघाली ती चांगल्याच हेतूनं, हे आधीच सांगते. लग्नात डीजे नको, दारू नको, प्री-वेडिंगचे फोटो नकोत, पंगत खोळंबवून पुढाऱ्यांचे सत्कार नकोत. यातलं सत्काराचं कलम पहिल्याच बैठकीत गळालं, कारण ज्यांचे सत्कार व्हायचे तीच मंडळी सतरंजीवर बसली होती. बाकीची कलमं राहिली. अध्यक्ष माझे चुलतसासरे काकासाहेब. गाव त्यांना तात्या म्हणतं. माझे सासरे गेल्यापासून आमच्या घरातही शेवटचा शब्द त्यांचाच.

मी नगरच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेय. या पदवीचा सासरी झालेला उपयोग म्हणजे औषधाच्या बाटलीवरचं वाचणं आणि सगळ्यांच्या मोबाईलची भाषा बदलून देणं. त्यामुळे तात्यांनी बैठकीला बोलावलं तेव्हा मी चार वर्षांच्या रेवाला कडेवर घेऊन जरा मिरवतच गेले. फळ्यावर सरांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं: लग्नसमारंभात कोणतंही 'वॉण्टन' वर्तन चालणार नाही. वाक्य मराठी, शब्द तेवढा इंग्रजी.

"सूनबाई, सरांनी शब्द काढलाय," तात्या म्हणाले. "बरोबर हाय का बघा."

"बरोबर आहे, तात्या. पण या शब्दाला अंगं बरीच आहेत. ज्याला वळण लावलेलं नाही, आवर घातलेला नाही, असं काहीही. बागडणारं कोकरू. वाट्टेल तशी पसरलेली वेल. कारण नसताना कुणी दुसऱ्याची नासधूस केली, तर तीसुद्धा. आणि..."

"आणि बायका," सर म्हणाले. "मुख्यतः बायका."

"मंग मराठीत काय म्हनायचं ह्याला?" मागून कुणीतरी विचारलं.

सर सांगायला लागले, "स्वैर, उच्छृंखल, अनिर्बंध..." तात्यांनी हात वर केला. "मराठीत नगं. मराठीत लिव्हलं की बायका भांडायला येत्यात. इंग्रजीच ऱ्हाऊ द्या. कुनाला समजत न्हाई आन लागतं मातर."

कुठल्याही शब्दकोशात इतकी नेमकी नोंद मी वाचलेली नाही.

तेवढ्यात रेवा माझ्या कडेवरून उतरली आणि सतरंजीच्या मधोमध दोन्ही हात पसरून गरगर फिरायला लागली. ती कुठेही मोकळी जागा दिसली की फिरते. देवळात, बँकेत, दवाखान्यातही. सरांनी तिच्याकडे बोट केलं. "बघा. वळण आत्तापासूनच लावावं लागतं." सगळे माना डोलवून हसले. मीही हसले. घरी आल्यावर तिचे पाय धुताना मात्र ते तळवे मी उगाचच खूप वेळ हातात धरून बसले.

पुढे गावात शब्द चालायला लागला. त्याचा अर्थ काय ते वापरावरून कळत गेलं. नवरी मांडवात हसली, वॉण्टन. करवलीनं गॉगल लावला, वॉण्टन. पंगतीत एका बाईनं तिसऱ्यांदा जिलेबी मागितली, तर वाढप्या पोरगा पातेलं घेऊन पुढे जाता जाता पुटपुटला, "लईच वॉण्टन हाय." पुरुषांसाठी शब्द वेगळे होते आणि ते सगळे मराठीत होते. तात्यांचा भाचा सरपंच झाला तेव्हा जेसीबीच्या बकेटातून गुलाल ओतला, गावाची गटारं आठवडाभर लाल वाहिली. त्याला नाव, जनतेचं प्रेम. पोरांनी रस्ता अडवून तलवारीनं केक कापला, तो उत्साह. वरातीत एकानं दुसऱ्याचं डोकं फोडलं, ती जुनी भाऊबंदकी. शब्दाची एवढी अंगं मी सांगितली होती, त्यातलं गावानं एकच ठेवलं. बाई खूश दिसली की तो लावायचा.

मला हे सगळं नुसतं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मग तो आमच्याच घरात आला.

माझी नणंद ज्ञानेश्वरी नगरला एका दवाखान्यात नर्स आहे. माझ्याहून लहान, म्हणून मी तिला ज्ञानूच म्हणते. उभं राहून राहून तिच्या पिंढऱ्या दगडासारख्या होतात. सुट्टीला घरी आली की मी तेल लावून देते आणि ती मला आजाऱ्यांच्या नकला करून दाखवते. रेवाला नाचायला तिनंच शिकवलं. ज्ञानू सुंदर नाचते असं मी म्हणणार नाही. ती हातपाय फार फेकते. पण नाचताना तिचा चेहरा असा होतो की बघणाऱ्याला वाटावं, आपलंही काहीतरी बरं झालं. मैत्रिणीच्या हळदीत ती नाचली, कुणीतरी व्हिडिओ काढला, आणि तो फिरत फिरत तात्यांच्या मोबाईलवर पोचला. त्या मोबाईलची भाषा मीच मराठी करून दिली होती.

त्याच सुमाराला तिचं लग्न ठरलं होतं. शेवगावकडचं स्थळ. मुलगा कल्याण, सोसायटीत नोकरीला, बोलायला मऊ. त्याचे वडील वैजनाथराव हे तिकडच्या आचारसंहितेचे पुढारी. तात्यांनी प्रामाणिकपणानं, म्हणजे आपल्यावर आळ येऊ नये म्हणून, स्वतःच त्यांना फोन केला. "पोरगी गुनाची हाय. जरा वॉण्टन हाय, येवढंच." पलीकडे त्यांना शब्द कळला नसणार. पण लागला. निरोप आला: हळदीला मुलगी पाटावर गप्प बसली पाहिजे. नाचली, तर आमच्या गाड्या मांडवातूनच माघारी फिरतील.

सासूबाई, ज्यांना आम्ही आत्या म्हणतो, त्या तो निरोप ऐकून भाकरी तव्यावरच विसरल्या. ज्ञानू मात्र शांत होती. मला ते आवडलं नाही. ती शांत असली की काहीतरी गिळलेलं असतं.

"कल्याणचा फोन होता," ती मला म्हणाली. मी तिच्या पिंढऱ्या चोळत होते. "म्हणाला, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. बस ना गप्प, बाबांसाठी. मी हो म्हटलं."

"आणि तुला?"

"मला काय वहिनी. लोकांच्या हळदीत नाचून झालं की माझं." मग थोडं थांबून म्हणाली, "आपल्याच हळदीत नाचायचं होतं. लहानपणापासून तेवढं एकच ठरवलेलं होतं. नवरा कोण ते नव्हतं ठरवलं, नाच ठरवला होता." ती हसली. रेवा तिच्या पोटावर डोकं ठेवून झोपली होती, म्हणून तिला नीट हसताही आलं नाही.

इकडे समितीपुढे वेगळाच पेच होता. डीजे नाही, नाच नाही, मग हळदीला तीन तास लोकांनी करायचं काय? सरांनी तोड काढली. पारंपरिक स्त्रीगीते. आपल्या आयाबाया लग्नात जी गाणी म्हणायच्या, ती पुन्हा सुरू करायची. आणि त्यासाठी भजनी मंडळाचा माईक लावायचा, म्हणजे ही संस्कृती सगळ्या गावाच्या कानावर पडेल.

सर ते सांगायला आमच्या घरी आले तेव्हा ओट्यावर आत्या होत्या आणि त्यांच्या थोरल्या जाऊबाई लंकाबाई, म्हणजे खुद्द तात्यांच्या मंडळी. लंकाबाई देवळात पुढे बसणाऱ्या, डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणाऱ्या.

"पारंपरिक म्हंजी नेमकी कोन्ती, सर?" लंकाबाईंनी विचारलं.

"तुमच्या वेळची. रुखवताची, हळदीची. जी होती ती."

"जशीच्या तशी?"

"एक शब्दसुद्धा बदलायचा नाही. आपला ठेवा आहे तो."

लंकाबाईंनी पदर तोंडाला लावला. आत्यांना ठसका लागला. सरांना वाटलं, बायकांना गहिवरून आलं. ते समाधानानं चहा पिऊन गेले.

मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सरांनाही नव्हतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. ती गाणी चालायची तेव्हा पुरुष बाहेर मांडवात पान खात बसलेले असायचे, आणि बायका आत. मग बँड आला, मग डीजे, आणि आतलं काही कुणाला ऐकूच येईना. गावातल्या एकाही पुरुषानं ती गाणी धड ऐकली नव्हती. ऐकली नव्हती म्हणूनच ती त्यांना ओव्यांसारखी वाटत होती.

हळद दुपारी चारला लागली. शेवगावची बस आली, दोन जीपा आल्या. ज्ञानू आणि कल्याण शेजारशेजारच्या पाटांवर बसले. ज्ञानूची नजर खाली. वैजनाथराव पुढच्या खुर्चीवर, फेटा, जाकीट, मिशीला पीळ. शेजारी तात्या. सरांनी माईकवर फुंकर मारून आपल्या मातीचा सुगंध वगैरे पाच-सात वाक्यं म्हटली आणि माईक लंकाबाईंच्या हातात दिला.

पहिलं कडवं गणपतीचं झालं. गोड झालं. तात्यांनी वैजनाथरावांकडे पाहून मान हलवली, बघा आमचं गाव. मग लंकाबाईंनी सूर बदलला.

*व्याही आले मांडवी, मिशीला लावून तूप,*
*घरात विहीण म्हणती, कोपऱ्यात बस चूप!*

मागच्या बायकांनी ते दोनदा झेललं. वैजनाथरावांचा हात मिशीवरून खाली आला. त्यांना वाटलं असावं, एखादं असतं असं गमतीचं. मग दुसरं आलं.

*व्याह्याच्या धोतराचा सोगा लोळतो भुईला...*

याची पुढची ओळ मी लिहीत नाही. रेवा आता अक्षरं जुळवून वाचायला लागली आहे आणि आमच्या घरात लपवायला जागा कमी. एवढंच सांगते की धोतराच्या आतल्या परिस्थितीबद्दल तिच्यात शंका व्यक्त केली होती, आणि ती भजनी मंडळाच्या दोन्ही कर्ण्यांतून पार एसटी स्टँडपर्यंत गेली. पाणी भरायला निघालेल्या बाया घागरी ठेवून मांडवात आल्या.

सर माईककडे धावले. तेवढ्यानं त्यांचाही नंबर लागला.

*सरांच्या तोंडी इंग्रजी, भरधाव सुटली गाडी,*
*सोताच्या वरातीत नाचताना पायजम्याची सुटली नाडी!*

म्हाताऱ्या माणसांना ते आठवलं. ती हसायला लागली आणि थांबेचनात. सर जिथे होते तिथेच उभे राहिले, हात नकळत कमरेशी. मग लंकाबाईंनी आपल्या नवऱ्याकडे बघितलंही नाही, पदर सारखा केला आणि म्हणाल्या:

*अध्यक्ष गावात फिरत्यात, वाघ जसा का रानी,*
*उंबऱ्याच्या आत मांजर, मागतंय दूध-पानी!*

तात्या उठले. सरांना मांडवाच्या खांबाआड ओढलं. मी तिथेच हळदीची वाटी घेऊन उभी होते.

"सर, हे बसतंय का त्यात?"

"कशात?"

"तुमच्या त्या शब्दात!"

"तात्या, हे... हे पारंपरिक आहे."

"आरं पन मपल्या बायकूनं मला मांजर केलं की! करन्यावर!" मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "सूनबाई, तेवढं बंद करा ते."

"करते की, तात्या. पण ठरावात डीजे बंद आहे, माईक नाही. माईक तर समितीनंच लावलाय. आणि एक शब्दही बदलायचा नाही, असं सर म्हणालेत."

सर माझ्याकडे असं बघायला लागले, जणू परीक्षेत सगळं बरोबर लिहून एखाद्या पोरीनं त्यांचा घात केला होता.

तेवढ्यात तिकडे खुर्ची पडल्याचा आवाज झाला. वैजनाथराव उठले होते. "बास झालं! गाड्या काढा! चला सगळे!" शेवगावच्या बायका बसमध्ये जाऊन बसायला लागल्या. आत्यांनी माझा दंड पकडला. कल्याणनं वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. ज्ञानू हलली नाही. ती हलली नव्हती, नाचली नव्हती, तिनं शब्द पाळला होता, आणि तरी गाड्या निघाल्या होत्या.

पण वैजनाथरावांच्या मंडळी, सत्यशीलाबाई, जागच्या उठल्या त्या गाडीकडे नाही, माईककडे गेल्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या बाई. तोवर मी त्यांचा आवाजही ऐकला नव्हता.

"तुमी व्हा पुढं," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. माईक तोंडापाशीच होता. "बसा गाडीत जाऊन. आमाला उत्तर द्यायचंय. उत्तर दिल्याबिगर उठलं, तर शेवगावची अब्रू ऱ्हाईल का? मपल्या आईनं मला शिकवून धाडलंय."

हा त्या गाण्यांचा नियम होता. एका बाजूनं शिव्या दिल्या की दुसरीनं द्यायच्या. जो चिडला तो हरला. हा नियम तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होता आणि आचारसंहिता लिहिणाऱ्या एकालाही नाही.

*पारनेरचे व्याही बाई ठराव करत्यात रोज,*
*कालवनात मीठ न्हाई आन समितीची मोठी फौज!*

शेवगावच्या बायका बसमधून उतरून परत आल्या. इकडून लंकाबाई, तिकडून सत्यशीलाबाई. मग कुणी टाळी धरली, कुणी फुगडी. आमच्या आत्या, ज्यांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, त्या विहिणीचे हात धरून गरागरा फिरल्या. हळद उडाली. रेवा मधोमध हात पसरून फिरत होती आणि पहिल्यांदाच आजूबाजूचं सगळं तिच्या वेगानं फिरत होतं. वैजनाथराव जीपपाशी उभे राहिले. ड्रायव्हर मांडवात हळद लावून घेत होता, त्यामुळे त्यांना जाता येईना. शेवटी येऊन बसले. मघाची खुर्ची कुणी उचलली नव्हती, ती त्यांनीच उचलली.

आणि या सगळ्यात ज्ञानू पाटावर बसलेलीच होती.

मी हळदीची वाटी खाली ठेवली. हळद तिच्या गालांवर वाळून तडकायला लागली होती. आई, चुलती, सासू, शेजारणी, सगळ्या सुटल्या होत्या. नवरीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. बांधलेली ती एकटीच राहिली होती, आणि बांधणारे कधीच पांगले होते.

मी वाट काढत गेले. "ज्ञानू, ऊठ."

"शब्द दिलाय, वहिनी."

"कुणाला? तिकडं बघ, तुझी सासू फुगडी घालतेय."

"त्यांना नाही दिला. ह्यांना दिलाय." तिनं मान वळवून शेजारच्या पाटाकडे पाहिलं. आवाज हळूच होता, पण मी जवळ होते. "शब्द परत घेताय का? का मी मोडू?"

कल्याणनं तिच्याकडे पाहिलं. मग बापाकडे. मग पुन्हा तिच्याकडे. मुलगा वाईट नाही, बोलायला मऊ हे मी आधीच सांगितलं. "बाबांना एकदा विचारतो," तो म्हणाला.

ज्ञानूनं थोडी वाट पाहिली. विचारून यायला लागेल तितकी. तो उठला नाही. मग तिनं हातातलं नारळ-सुपारीचं ताट माझ्याकडे दिलं, एक पाय पाटावरून खाली ठेवला, मग दुसरा. मुंग्या आल्या होत्या, म्हणून पहिली दोन पावलं लंगडत टाकली. बायकांनी वाट केली.

ती नाचली. नेहमीसारखीच नाचली, हातपाय फेकत, ताल धरून आणि सोडून. रेवा तिच्या कमरेला बिलगली, तर तिला उचलून घेऊन नाचली. सत्यशीलाबाई माईकवर गात होत्या, त्यांनी सून नाचतेय हे पाहिलं आणि पुढचं कडवं आणखी वाईट म्हटलं. तात्या जमिनीकडे बघत होते. सर बघत होते ज्ञानूकडे, आणि त्यांचा पाय ठेका धरत होता. तो त्यांना कुणीतरी दाखवून द्यायला हवा होता, पण मला वेळ नव्हता. मी ताट धरून उभी होते आणि रडत होते, आणि नाकाला हळद लागली असल्यामुळे शिंकतही होते.

बऱ्याच वेळानं कल्याण पाटावरून उठला. बापाला विचारायला गेला नाही. बायकांच्या रिंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. ताल चुकत होता. ज्ञानूनं पाहिलं, पण त्याला आत ओढलं नाही. रेवाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि नाचत राहिली.